ब्रेकचे तेल

गाडी घेताना आमच्या भागातला माणूस काय काय विचारतो ते एकदा कान देऊन ऐकण्यासारखे असते. पहिला प्रश्न, "एव्हरेज किती देते?" दुसरा, "पाच वर्सांनी विकली तं कितीले जाईन?" तिसरा प्रश्न खास आपल्या वरूडचा : मागे संत्र्याचे दोन कॅरेट बांधले तर चढावर दम तर टाकणार नाही? मुलगा लग्नाचा असेल तर रंगावर स्वतंत्र चर्चा होते, आणि तीत घरची बाईमाणसेही भाग घेतात. पण दुकानात उभे राहून "ही थांबते कशी?" असे विचारणारा माणूस मी अद्याप पाहिलेला नाही. चालणे हा गाडीचा गुण, थांबणे ही जणू तिची नैसर्गिक प्रवृत्ती, असा आपला समज असावा.

कला शाखेच्या मुलीने ब्रेकवर निबंध लिहावा, याचे विज्ञान शाखेच्या मित्रांना हसू येईल. येऊ द्या. आमचे गाव वरूडपासून दहा-बारा किलोमीटरवर. एस. टी. आपल्या लहरीने येते आणि प्राध्यापकांचे तास मात्र घड्याळाने सुरू होतात. दादा नोकरीसाठी चाकणला गेला तेव्हा त्याची सव्वाशे सीसीची मोटरसायकल ओसरीत उभी राहिली. काही महिने तिच्यावर कोंबड्या बसल्या, नंतर मी बसले. आज मी तिच्यावरून महाविद्यालयात येते. महिन्यातून एकदा आईला मागे बसवून वरूडच्या दवाखान्यात नेते. हंगामात बाबा तीच गाडी घेऊन बागेत जातात. थोडक्यात, आमच्या घरातली चारपैकी तीन माणसे ज्या एका गोष्टीच्या भरवशावर रस्त्याने जातात, ती म्हणजे तिच्या समोरच्या चाकाचा ब्रेक.

आजोबांकडे राजदूत होती. तिच्या ब्रेकला तार. तार ताणली की आतले जोडे ड्रमला घासत आणि गाडी कुरकुरत थांबे. ती तार प्रामाणिक होती. झिजली तर तिचे धागे सुटलेले दिसत, सैल झाली तर हाताला कळे. तुटण्यापूर्वी ती आठ-पंधरा दिवस कण्हत असे, म्हणून आजोबा रविवारी पाना घेऊन तिची विचारपूस करत. आमच्या गाडीच्या समोरच्या चाकाला मात्र डिस्क आहे, आणि डिस्कला तार नसते. मुठीजवळ एक लहानशी डबी असते, तीत तेल असते, आणि ते तेल नळीतून चाकापर्यंत गेलेले असते. आपण मूठ दाबली की ते तेल चाकाजवळच्या गुटक्यांना ढकलते आणि गुटके दोन्ही बाजूंनी डिस्क पकडतात.

ही युक्ती तशी जुनी. द्रवाच्या एका टोकाला दिलेला दाब कमी न होता सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितले. याच पास्कलचे चिंतन आम्हाला तत्त्वज्ञानाच्या तासाला भेटते, तेव्हा त्याच्यावर आमचाही थोडा हक्क आहे! १९२१ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले. १९६९ मध्ये होंडाच्या साडेसातशे सीसीच्या गाडीने डिस्क ब्रेक सर्वसामान्य मोटरसायकलस्वारापर्यंत आणला. आपल्या गावातल्या गाड्यांना तो दिसू लागायला पुढची तीसएक वर्षे गेली. सुरुवातीच्या काळात या ब्रेकमध्ये चक्क एरंडीचे तेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण असे. हे वाचले तेव्हा मला आजीची आठवण झाली. एरंडीच्या तेलाने न थांबणारा रोग जगात नाही, असे तिचे मत होते. मोटारीही त्याने थांबत, हे तिला कळते तर ती किती सुखावली असती!

आमची गाडी २०१७ च्या दसऱ्याला घेतलेली. मुठीजवळच्या डबीला डोळ्याएवढी काच असते, तीतून आतले तेल दिसते. दादा सांगतो की नवे होते तेव्हा ते पातळ मधासारखे होते. परवा मी पाहिले तेव्हा ते कोऱ्या चहासारखे झाले होते. तेही पाव्हणे गेल्यानंतर पातेल्यात राहिलेल्या चहासारखे. एवढ्या वर्षांत ते एकदाही बदललेले नव्हते. मी मिस्त्रीला विचारले. मिस्त्री भला माणूस, हाताला कामाची कमतरता नाही. त्याने मूठ दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाला, "ताई, ब्रेक लागते ना? मंग बदलता कायले? लागन नाई तवा आना."

वाचकहो, हे वाक्य साधे नाही. आपण सगळे याच वाक्यावर जगतो. दुखत नाही तोवर दात, गळत नाही तोवर छप्पर, आणि परीक्षा जवळ येत नाही तोवर पुस्तक. पण ब्रेकच्या तेलाच्या बाबतीत हे वाक्य नेमके उलटे लागू पडते. ते कसे, ते समजून घेतल्यावाचून मला राहवेना.

या तेलाला आपण तेल म्हणतो खरे, पण ते तेल नव्हेच. खरे तेल त्यात घातले तर आतली रबरे फुगून खराब होतात. हा ग्लायकॉल जातीचा एक द्रव आहे आणि त्याला एक खोड आहे : तो हवेतले पाणी पितो. झाकणाच्या फटीतून, रबरी नळीच्या अंगातून, वर्षानुवर्षे, थेंबाथेंबाने. डबीवर डॉट चार असे लिहिलेले असते. या जातीचे नवे कोरे तेल २३० अंशांच्या आत उकळता कामा नये, असा नियम आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. शंभरात पावणेचार भाग पाणी, आणि ७५ अंशांची घसरण!

आता १५५ अंश तरी कुठे आले, असे वाटेल. आपण सहलीला चिखलदऱ्याला जातो. तिथून परतवाड्याकडे उतरताना मागे एक माणूस, पुढे वळणामागून वळण, आणि मूठ सारखी दाबलेली. गाडीचा सगळा वेग त्या गुटक्यांत उष्णता होऊन बसतो. तेल उकळले की त्याची वाफ होते. द्रव दाबला तर आक्रसत नाही, म्हणूनच तो दाब पुढे पोचवतो. वाफ मात्र फुग्यासारखी आक्रसते. मग मूठ हँडलपर्यंत येते, वाफ दबते आणि चाकाला काहीच कळत नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर, दवाखान्यासमोर, महाविद्यालयाच्या फाटकाशी हाच ब्रेक रोज मुकाट्याने लागत असतो. जिथे तो लागलाच पाहिजे, नेमक्या त्याच उतारावर तो हात वर करतो. "लागन नाई तवा आना" म्हणणाऱ्याकडे तो नादुरुस्त ब्रेक घेऊन कोणी येईलच, याची खात्री देता येत नाही.

आपल्या वरूड तालुक्यात पाण्याविषयी असे बोलणे जरा चमत्कारिक वाटते. इथे जमिनीतले पाणी इतके उपसले गेले की सरकारी मोजणीत तालुका अतिशोषितांत गणला गेला. बागेतले झाड जगवण्यासाठी माणसे बोअर कित्येकशे फूट खाली नेतात आणि खालून धूळ वर आली की तोंडे कोरडी करून बसतात. अशा मुलखात पाणी शत्रू कसे असेल? पण या डबीत ते शत्रू आहे. बाबांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे बोअरले लागत नाई अन् ब्रेकले लागते! पाय बरं कसं हाये."

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. पाणी पिणारच नाही असे तेल माणसाने का केले नाही? केलेले आहे. सिलिकोनचे तेल पाणी पीत नाही. पण पाणी तर कुठून ना कुठून आत येतेच. हे तेल त्याला आपल्यात घेत नाही, तेव्हा ते पाणी वेगळे राहते आणि सगळ्यांत खालच्या जागी, म्हणजे चाकाजवळ, जिथे सर्वांत जास्त तापते तिथे, जाऊन साचते. तिथे ते शंभर अंशांनाच उकळते, आणि लोखंडाला गंजवते ते वेगळेच. आपले नेहमीचे तेल आलेले पाणी पोटात घालते, सगळीकडे सारखे वाटून टाकते, म्हणून एका जागी अनर्थ होत नाही. ही त्याची खोड नव्हे, तो त्याचा गुण आहे. फक्त या गुणाला मुदत असते. जे सगळे पोटात घालते ते हळूहळू स्वतः बिघडते, आणि बिघडताना आवाज करत नाही.

"पोटात घालणे" हा शब्दप्रयोग मी अभावितपणे केला, पण लिहिताना माझ्यासमोर आईच होती.

आईला रक्तदाब आहे. दोन वर्षांपूर्वी वरूडच्या दवाखान्यात सहज म्हणून पट्टा बांधला तर १७० वर १०० निघाला. डॉक्टरांनी रोज एक गोळी सांगितली. काही महिने ती तिने घेतली. मग दिवाळी आली, पाव्हणे आले, फराळाची धावपळ झाली, आणि गोळी मागे पडली ती पडलीच. दर महिन्याला मी तिला दवाखान्यात नेत होते ते तिच्या गुडघ्यासाठी. गुडघा दुखतो म्हणून त्याचे औषध ती आठवणीने घेते. दाबाच्या गोळीचे विचारले की म्हणते, "मले काई होत नाई तं गोयी कायले खाऊ? फुकटची सवय!" तिची मोठी बहीण, आमची मावशी, हीदेखील असेच म्हणत असे. २०२२ साली घरच्या लग्नात, पंगत वाढता वाढता तिला लकवा झाला. आज तिचा उजवा हात नुसता आहे. तिलाही काही होत नव्हते.

ही गोष्ट मी आईला अनेकदा सांगितली होती. सांगून झाले की ती ऐकून घेई, आणि पोटात घाली.

शेवटी एका रविवारी मी तेल घरीच बदलायचे ठरवले. दादाने फोनवर दोन-तीनदा नीट समजावले. वरूडहून डॉट चारच्या दोन लहान सीलबंद बाटल्या आणल्या. बाटली सीलबंदच पाहिजे. उघडी राहिलेली बाटलीही हवेतले पाणी पीत बसते. फिश टँकला लावतात तसली हातभर पारदर्शक नळी, आठ नंबरचा रिंग पाना, फवारणीच्या औषधाचे माप घेण्याची नवी पिचकारी, चिंध्या आणि बादलीभर पाणी. पाणी अशासाठी की हे तेल रंगावर सांडले तर रंग सोलून काढते, सांडताच धुवावे लागते. टाकीवर प्लास्टिक अंथरले, गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, आणि डबी आडवी सपाट येईल असे हँडल वळवले.

या कामाला दोन माणसे लागतात. एक मुठीशी, एक चाकाशी. बाबा ओलितासाठी शेतात गेलेले. उरली आई. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "सांग मायबाई, मले काय कराचं हाये?"

डबीचे दोन स्क्रू जाम झाले होते. नेमक्या मापाचा पेचकस लावून, वरून हलकेच ठोकून ते सोडवले. घाईने फिरवले असते तर त्यांची डोकीच गेली असती. झाकण आणि त्याखालचे रबर काढले. आतले काळे तेल पिचकारीने ओढून घेतले, डबी स्वच्छ पुसली आणि नवे तेल भरले. आईने वाकून पाहिले. एकीकडे पिचकारीतले काळे, दुसरीकडे डबीतले सोनेरी. "हे अन् हे एकच व्हय?" तिने विचारले. एकच, मी म्हटले.

मग मी चाकाशी बसले. गुटक्यांच्या पेटीवर एक बारीक निप्पल असते. तिचे रबरी टोपण काढून पाना घातला, नळी चढवली आणि नळीचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडवले, म्हणजे हवा उलटी आत जात नाही. आता मंत्र तीन शब्दांचा : दाब, धर, सोड. आईने मूठ तीन-चारदा सावकाश दाबायची आणि शेवटी दाबून धरायची. मी निप्पल पाव फेरा सैल करायची. काळे तेल नळीतून येई, आणि आईच्या हातातली मूठ खाली खाली जाऊन हँडलला टेके. ती तशीच धरून ठेवायची. मी निप्पल आवळली की मगच सोडायची. आधी सोडली तर हवा आत जाते. दर पाच-सहा फेऱ्यांनंतर डबीत नवे तेल घालायचे. ती रिकामी पडू द्यायची नाही, हा या कामातला सर्वांत मोठा नियम.

आईचा हात निंदणाचा, पऱ्हाटी वेचण्याचा. त्याला लय लगेच सापडली. "दाबू? धरू? सोडू?" असे विचारत ती काम करू लागली. पहिल्यांदा मूठ हँडलपर्यंत गेली तेव्हा मात्र ती दचकली. "अवं, हे तं फुस्स झालं! हातात काईच राह्यलं नाई."

निप्पल सैल केल्यामुळे दाब निघून गेला होता, म्हणून हाताला काही लागले नाही. मी तिला सांगितले, "आई, आता मी हे मुद्दाम सोडलं. घाटात तेल उकळलं की असंच होते, आणि तेव्हा कोणी सांगत नाही."

"अन् आतालोक त लागत होतं."

"रोज लागत होतं."

ती काही बोलली नाही. पुढच्या फेऱ्या तिने न विचारता केल्या. नळीतले तेल काळ्याचे तांबूस झाले, तांबूसचे पिवळे, आणि अखेर पाण्यासारखे नितळ, एकही बुडबुडा नसलेले. निप्पल आवळली, टोपण बसवले, डबीतले तेल दोन रेघांच्या मध्ये ठेवले, रबर आणि झाकण लावले. सांडलेले पाण्याने धुतले, डिस्क पुसून कोरडी केली. त्या गुटक्यांवर या तेलाचा थेंब राहिला तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. मूठ दाबून पाहिली. घट्ट. अंगणातल्या अंगणात चालण्याच्या गतीने चार चकरा मारून थांबवून पाहिली, मगच रस्त्यावर नेली. काळे तेल एका बाटलीत बंद केले. ते विषारी असते. नालीत किंवा बागेत ओतायचे नाही. गॅरेजमध्ये जिथे जळके ऑईल जमा करतात तिथे ते नंतर दिले.

हात धुता धुता मी आईला एक गोष्ट सांगितली. स्टीफन हेल्स नावाचा एक इंग्रज पाद्री होता. रक्ताला दाब असतो का, आणि किती, हे पाहण्यासाठी त्याने एका घोडीच्या रक्तवाहिनीत नळी बसवली आणि तिला काचेची उंच नळी जोडून उभी केली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले. हे त्याने १७३३ साली ग्रंथात छापले. माणसाला अशी नळी न खुपसता, नुसता दंडाला पट्टा बांधून दाब मोजायला पुढे १८९६ साल उजाडावे लागले. आई म्हणाली, "घोडीचं काय झालं?" मी म्हटले, ती मेली. आई बराच वेळ घोडीविषयी हळहळत राहिली. मला वाटले, गोष्ट वाया गेली.

संध्याकाळी बाबा आले. त्यांनी मूठ दाबून पाहिली आणि "पोट्टीनं केलं तं बरं हाये" एवढेच म्हणाले. आमच्या घरात याला प्रशस्तिपत्र म्हणतात. मग आईने विचारले, "हे आता कवा बदलाचं?"

"दोन वर्षांनी."

"खराब झालं नाई तरी?"

"झालं नाही तरी. ते झालेलं दिसत नाही, म्हणून तारीखच पाहायची."

आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून खडूने नोंदी करण्याची चाल आहे. गाय कधी व्याली, सिलिंडर कधी लागला, बागेला ताण कधी दिला. आईने दार उघडले, "गाडीचे तेल" असे लिहिले आणि त्यासमोर तारीख घातली. खडू खाली ठेवला नाही. थोडा वेळ दाराकडे पाहत उभी राहिली आणि मला पाठमोरी राहूनच म्हणाली, "सोमवारी तुह्या कॉलेजले सुट्टी हाये का?"

सुट्टी नव्हती. सोमवारी मी तास बुडवला, याबद्दल इतिहासाच्या सरांची या पानावरून क्षमा मागते. दवाखान्यात पट्टा बांधला तेव्हा आकडा पूर्वीपेक्षा वरच होता. डॉक्टर रागावले, ते आईने मुकाट्याने ऐकले. गोळी पुन्हा सुरू झाली. आई ती रोज घेते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पाव्हणे आले की अजूनही घोटाळा होतो. पण कपाटाच्या दारावर आता दुसरी एक ओळ आहे, तिच्याच हातची, आणि तीत दर सकाळी खडूची एक रेघ वाढते. मधे एखादी रेघ नसली तर मी विचारत नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच दाराकडे पाहून "हं" म्हणते आणि पाण्याचा पेला हाती घेते.